रापणीतलं ते 'किरडू' साप नव्हे, वाम आहे

देवगडहून एका तरुण मित्राने विचारलं आहे. पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली, तेव्हा मासळीबरोबर दोन-अडीच फूट लांब, सापासारखं काहीतरी आलं. पाठ मातकट, पोट पिवळसर, मागे माशाची शेपटी नाही, नुसतं टोक. ओल्या वाळूवर पडताच ते मागच्या मागे वाळूत शिरायला लागलं. "मेल्या, हात लावू नको, किरडू आसा तां!" असं एक आजोबा ओरडले आणि कोणीतरी काठीने ते ठेचलं. ते काय होतं, विषारी होतं का, खातात का, आणि खारातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या, भातशेतीच्या बांधाला बिळं पाडणारं जनावर ते हेच का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तो मासा होता. वामीच्या गोतावळ्यातला. विषारी नव्हता, आणि मारायची काहीच गरज नव्हती. पण आजोबांना मी दोष देणार नाही. दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने सापासारखं दिसणाऱ्यापासून आधी लांब व्हावं, हेच शहाणपणाचं. आपल्या किनाऱ्यावर खरे विषारी समुद्रसाप रापणीत आणि ट्रॉलरच्या जाळ्यात नेहमी येतात, चेष्टा नाही. मी गेली अठ्ठावीस वर्षं खाडी आणि पुळणीवरची मासळी पाहतो, मोजतो. अजूनही जाळ्यातल्या लांबट जिवाला हात घालण्याआधी मी त्याची शेपूट बघतो. तुम्हीही ती पाहिलीत आणि लक्षात ठेवलीत, त्यामुळेच मला इतक्या खात्रीने सांगता येतंय.

समुद्रसापाची शेपूट दोन्ही बाजूंनी दाबलेली, वल्ह्याच्या पात्यासारखी पसरट असते. पोहायला तिचाच उपयोग. तुमच्या माशाची शेपूट याच्या अगदी उलट, गोल आणि निमुळती होत जाऊन टोकाला टणक. बोटाने दाबलीत तर सुकलेल्या काट्याचं टोक लागल्यासारखं वाटतं. दुसरी खूण पाठीवर. माशाच्या पाठीवर आणि पोटाखाली पातळ, झालरीसारखा पर असतो. ओला असला की अंगाला चिकटतो आणि दिसत नाही, पण पाण्यात टाकला की लगेच उभा राहून लहरतो. सापाला पर नसतो. तिसरं म्हणजे कल्ल्याची फट. माशाच्या डोक्यामागे खालच्या अंगाला दोन लहान फटी असतात. समुद्रसापाला कल्ले नाहीत, त्याला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं. आणि सापाच्या अंगावर खवले असतात, या माशाच्या अंगावर एकही नाही, नुसता बुळबुळीत थर.

एक सावधगिरी सांगतो. खाडीच्या तोंडाशी आणि कांदळवनात काही साप असे राहतात की त्यांची शेपूट वल्ह्यासारखी नसते. एकाची कातडी ढिली आणि कानशीसारखी खरखरीत असते. तो बिनविषारी आहे. तेव्हा 'शेपूट टोकदार, म्हणजे मासा' एवढ्यावर थांबू नका. टोकदार शेपूट, झालरीसारखा पर आणि गुळगुळीत अंग, ही तिन्ही एकत्र दिसली तरच मासा म्हणा. एखादं कमी पडलं तर हात मागे घ्या.

आता या माशाची ओळख. शास्त्रात या कुळाला ऑफिक्थिडी म्हणतात. ग्रीक भाषेत ऑफिस म्हणजे साप आणि इक्थिस म्हणजे मासा. मराठीत रुळलेलं नाव मला कुठल्याच बंदरावर पक्कं मिळालं नाही. कोणी वाम म्हणतं, कोणी नदीतल्या अहिरावरून अहिर म्हणतं, बरेच जण जनावर म्हणून मोकळे होतात. मी लिहिताना सापवाम म्हणतो. बाजारात मिळणारी, लांब जबड्याची, सुळ्यासारख्या दातांची मोठी वाम ही याची लांबची नातेवाईक. तिच्या शेपटीला झालर टोकापर्यंत असते. सापवामीची झालर टोकाच्या जरा अलीकडे संपते आणि पुढे नुसतं उघडं टोक राहतं. या कुळात जगभर 300 हून जास्त जाती आहेत. काही वीतभर, गांडुळाएवढ्या, तर सगळ्यात लांब सुमारे 2.5 मीटरची. काहींना छातीचे पर असतात, काहींना तेही नसतात.

तुमच्या वर्णनावरून मला दोन जातींपैकी एक वाटते. पहिली पिसोडोनोफिस बोरो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांची वर्णनं 1822 साली छापली, त्यात ही पहिल्यांदा आली. दुसरी पिसोडोनोफिस कॅन्क्रिव्होरस, म्हणजे कुर्ल्या खाणारी. तिचं वर्णन रिचर्डसन यांनी 1848 साली केलं. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. फरक पाठीवरचा पर कुठे सुरू होतो त्यात आहे. बोरोचा पर छातीच्या परांच्या बराच मागे सुरू होतो, दुसरीचा छातीच्या परांच्या वरच. पिसोडोनोफिस या नावाचा अर्थ वाटाण्यासारखे दात असलेला साप असा होतो. तोंड उघडून पाहिलंत तर टोकदार सुळे दिसत नाहीत, जबड्यावर बोथट, गोलसर दाण्यांच्या रांगा दिसतात. कुर्लीचं कवच फोडायचं तर असेच दात हवेत.

वाळूत मागच्या मागे शिरताना तुम्ही पाहिलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा मासा समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी.

काही वर्षांपूर्वी भाट्याच्या खाडीत, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी, पागेत (हाताने फेकायच्या जाळ्यात) आलेली हातभर बोरो मी ओल्या वाळूवर सोडली आणि गुडघ्यावर बसून बघत राहिलो. आधी ती दोन क्षण स्वस्थ पडली. मग शेपटीचं टोक वर उचललं आणि आंधळ्याने काठी टेकावी तसं वाळूवर दोन-तीन ठिकाणी टेकवून पाहिलं. एका जागी टोक आत गेलं. लगेच मागचं अंग ताठ झालं, त्यात एक हलकी पीळ आली आणि वाळू त्या टोकाभोवती सैल पडून पाण्यासारखी वाहायला लागली. पुढचं सगळं इतकं झपाट्याने झालं की मोजायला सवड मिळाली नाही. अंगाला एक लाट, मग दुसरी, प्रत्येक लाटेला वीतभर आत. शेवटी डोकं तेवढं राहिलं, तेही नाकापर्यंत गेलं. वर दिसत होते दोन बारीक डोळे आणि त्यांच्यापुढे दोन नळ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्या नळ्या म्हणजे नाकपुड्या. थोड्या वेळाने बारीकशी लाट आली आणि तेही मिटलं.

आता मासा मुळात उलटा का शिरतो? त्या टोकात काय आहे ते आधी पाहू. साधारण माशाची शेपटी म्हणजे पंख्यासारखे काटे. सापवामीत ते काटे आखूड होऊन जाड कातडीखाली दडलेले असतात आणि टोकाची हाडं एकमेकांना जुळून शंकूसारखी झालेली असतात. म्हणजे शेपटीची पहार झाली. पाठीचा कणा शंभराहून जास्त मणक्यांचा, काही जातींत दोनशेच्याही वर, म्हणून अंग हवं तसं वळतं आणि तरी जोर देता येतो. उलटं शिरल्याचा फायदा असा की तोंड बिळाच्या दाराशीच राहतं. भक्ष्य समोरून गेलं की झडप घालायची, धोका आला की तसंच मागे सरकायचं. वळायला लागत नाही. डोक्याने खणणाऱ्याला आधी बिळात वळायला जागा करावी लागते. बोरोची गोष्ट आणखी वेगळी. ती गरज पडली तर डोक्यानेही खणते. तिची कवटी निमुळती आणि दणकट, डोळे लहान. एकाच माशाला दोन्ही टोकांनी खणता यावं हे फार थोड्या जातींत दिसतं.

वाळूत गाडलेला मासा श्वास कसा घेतो, हा प्रश्न मला शाळेत कार्यक्रमाला गेलो की मुलं हमखास विचारतात. तोंड वर असतं. तोंडातून वरचं पाणी आत ओढलं जातं, कल्ल्यांवरून जातं आणि खालच्या फटींतून बिळात सुटतं. पण वाळूचा दाब घशावर सतत असतो. म्हणून या कुळात घशाखाली एक खास रचना आहे. दोन्ही बाजूंनी आलेल्या केसासारख्या बारीक हाडांच्या काड्या मधोमध एकमेकींवर येतात आणि टोपलीच्या विणीसारखं दिसतं. मेलेल्या सापवामीचा घसा अलगद सोलला की ती वीण साध्या डोळ्यांनी दिसते. ही वीण पाहिली की कूळ ठरलं, इतकी ती पक्की खूण आहे.

नाकाचंही तसंच. पुढची नाकपुडी नळीसारखी बाहेर आलेली, मागची थेट वरच्या ओठाच्या काठाशी किंवा आत उघडणारी. पाणी पुढून आत आणि मागून बाहेर, मधे वासाचा पडदा. डोळ्यांवर हा मासा फारसा अवलंबून नाही. रात्री, गढूळ पाण्यात, मेलेल्या कोलंबीचा किंवा कात टाकलेल्या मऊ कुर्लीचा वास त्याला ओढतो. म्हणूनच रात्री गरी टाकली की तो लागतो, दिवसा क्वचित. मोठा घास तोडायला हात नाहीत, पाय नाहीत. अशा वेळी अहिरासारखे मासे घास पकडून स्वतःभोवती गरगर फिरतात आणि पिळून तुकडा तोडतात. गरीला लागलेली सापवामही अशीच गिरक्या घेते. दोरीला इतके पीळ पडतात की सोडवताना माणूस वैतागतो.

ही टोकदार शेपूट कधीकधी वाळूच्या बाहेरही चालते. रत्नागिरीच्या बाजारात एका मावशींनी मोठा हेकरू फाडला आणि मला हाक मारली. पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या बाहेर, काळपट, वाळलेली, दोरीसारखी वळलेली वस्तू होती. माशाला कसलातरी रोग झाला असावा, असं त्यांना वाटलं. धुऊन उलगडली तेव्हा सापवाम निघाली, शेपटीच्या टोकासकट. मोठा मासा हिला जिवंत गिळतो. जठरात गेल्यावरही ती आपली सवय सोडत नाही, टोक टेकून मागे शिरायला बघते आणि जठराची भिंत भेदून पोकळीत जाते. तिथून पुढे वाट नसते. ती मरते आणि गिळणाऱ्याचं शरीर तिच्याभोवती आवरण धरतं. हेकरू मात्र जगतो, वाढतो आणि एक दिवस बाजारात येतो. जगात अनेक ठिकाणी हे नोंदलं गेलं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उडत्या बगळ्याच्या गळ्यातून लोंबणाऱ्या सापवामीचं छायाचित्रही निघालं आहे. तेव्हा पोटात असं काही सापडलं तर मासा फेकू नका. ती वाळलेली दोरी काढून टाकली की बाकीचं मांस खायला हरकत नाही.

यांची पिल्लं बहुतेकांनी पाहिलेली असतात, पण ओळखलेली नसतात. डोलीच्या जाळ्याच्या बारीक आसाच्या खोळीत कधीकधी काचेसारख्या पारदर्शक, चपट्या पट्ट्या येतात, आंब्याच्या पानाच्या आकाराच्या, पण आरपार दिसणाऱ्या. लोक प्लास्टिक समजून झटकून टाकतात. नीट पाहिलं तर एका टोकाला टाचणीच्या माथ्याएवढं डोकं आणि दोन काळे ठिपके असतात, ते डोळे. वाम, अहिर, सापवाम या सगळ्यांचं बालपण असंच, मोकळ्या समुद्रात तरंगत जातं. पूर्वी हा वेगळाच मासा समजून त्याला वेगळं नाव दिलं होतं. 1890 च्या दशकात इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी टाकीत त्याचं अहिरात रूपांतर होताना पाहिलं, तेव्हा घोळ मिटला. मोठं होताना हे पिल्लू आधी आखडतं, ही त्यातली नवलाची गोष्ट. पान बारीक होतं, गोल होतं, रंग धरतं आणि तळाशी जातं. पट्टीवर बाणाच्या टोकांसारख्या स्नायूंच्या रेघा असतात. त्या मोजल्या की मणके किती ते कळतं, आणि मणक्यांवरून जात ठरवता येते. मी भिंगाखाली अशा रेघा मोजत कित्येक रात्री काढल्या आहेत. दीडशेच्या पुढे गेलं की डोळे भरून येतात, पण मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

आता विषाचं. सापवामीला विषाचे दात नाहीत, विषाची पिशवी नाही. पकडलीत तर चावेल, आणि कवच फोडणारा जबडा आहे, तेव्हा बोट चांगलं चेपेल. जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्या, दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर डॉक्टरांकडे जा. खाडीच्या पाण्यातल्या जखमा चिघळतात, त्यात हयगय नको.

समुद्रसापाचं वेगळं. आपल्याकडे चोचीसारखं तोंड असलेला हायड्रोफिस शिस्टोसस जाळ्यात बऱ्याचदा येतो आणि त्याचं विष जहाल आहे. त्याच्या दंशाचा धोका असा की सुरुवातीला दुखत नाही. माणूस म्हणतो काटा लागला आणि काम करत राहतो. मग अंग आखडतं, स्नायू दुखतात, लघवी काळपट होते. आपल्या दवाखान्यातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी बनवलेली आहे, समुद्रसापासाठी नाही. म्हणून वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात पोचायचं, जिथे कृत्रिम श्वासाची आणि मूत्रपिंडाची सोय आहे. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. आणि तो सापही मारू नका. लांब काठीने उचलून पाण्यात सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने त्याला संरक्षण आहे. शिवाय दंश बहुतेक वेळा त्याला हाताने सोडवताना किंवा मारायला जातानाच होतो.

खायचं म्हणाल तर आपल्याकडे कोणी आवडीने खात नाही. दिसायला साप, काटे फार. तुकडे करून मोठ्या गरीला आमिष म्हणून लावतात, मांस चिवट असल्याने ते लवकर सुटत नाही. पण उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर हीच बोरो खास पाहुण्यांसाठी करतात. म्हणजे न खाण्यात माशाचा काही दोष नाही, आपली सवय नाही एवढंच.

शेवटचा प्रश्न खाराचा, आणि त्यावर मला जरा ठाम बोलायचं आहे. बोरो खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्याकडे सहज जाते. खाडीच्या काठच्या भाताच्या खाचरांत ती राहते, म्हणून इंग्रजीत तिला भातशेतीची वाम असंच म्हणतात. पावसाळ्यात उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत आली की चिखलात बीळ करून बसते. बांध फुटला, खांड पडली, खारं पाणी शिरलं की लोक तिला आणि कुर्लीला धरून शिव्या देतात. कुर्लीचं बीळ बांधाला आरपार गेलं तर पाणी पाझरतं, हे खरं. सापवाम अशा आयत्या बिळात शिरते आणि ते रुंद करते, हेही मी पाहिलं आहे. पण मी जितक्या खांडी पाहिल्या, त्यात बांधाची माती वर्षानुवर्षं न घातलेली, उघाडीची फळी कुजलेली आणि बाहेरचं कांदळवन तोडलेलं असायचं. एका गावी उघाडीच्या दुरुस्तीचा अर्ज तीन पावसाळे फिरला. चौथ्या वर्षी उधाणाच्या रात्री बांध गेला आणि सकाळी लोक चिखलातल्या वामी मारत होते. ते दृश्य मला अजून त्रास देतं. सुकतीला बांधाची बाहेरची बाजू चालत बघा. पाझर दिसला तिथे नुसतं भोक बुजवू नका, चर खणून चिकणमाती ठोकून भरा. बाहेरच्या अंगाला कांदळ राहू द्या. लाटेचा पहिला मार तोच घेतो.

पुढच्या वेळी रापणीत अशी एखादी आली तर मारायच्या आधी एक फोटो काढा. अंगठ्याएवढ्या अंतरावरून डोक्याचा नको, बाजूने, पूर्ण लांबीचा, शेजारी काडेपेटी किंवा वल्हं ठेवून. छातीचा पर आणि पाठीवरचा पर कुठे सुरू होतो ते दोन्ही एका चौकटीत यायला हवं, म्हणजे दोघींपैकी कोण ते मला सांगता येईल. पर अंगाला चिकटला असेल तर बादलीभर समुद्राच्या पाण्यात क्षणभर सोडा, तो उभा राहील. आणि मग लाटेच्या ओळीत, जिथे वाळू पायाखाली सरकते, तिथे तिला ठेवा. वरच्या कोरड्या वाळूत नको, तिथे टोक आत जात नाही.